सोळा मेचं पाकीट

१

सोळा मेच्या सकाळी माझ्या भावाच्या घरातून दोन गोष्टी गेल्या. लोखंडी कपाटातलं एक खाकी पाकीट आणि सत्त्याहत्तर वर्षांचे आमचे बाबा.

पाकीट गेल्याचं आधी माझ्याच लक्षात आलं, कारण मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते. आमच्या दैनिकात ‘आजच्याच दिवशी’ नावाचं एक बारीकसं सदर येतं. आपल्या शहरात या तारखेला काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. बाबांनी ते चाळीसहून अधिक वर्षं चालवलं. छापखान्यात त्यांना सगळे तारीखराव म्हणायचे. वर्षात जेवढ्या तारखा तेवढी पाकिटं, प्रत्येक पाकिटात त्या तारखेची कार्डं, आणि एका कार्डावर एकच नोंद. बाबा निवृत्त झाल्यावर सदर माझ्या गळ्यात पडलं. पाकिटं मात्र त्यांनी ऑफिसात राहू दिली नाहीत. त्यामुळे रोज सकाळी भावाकडे यायचं, उद्याचं पाकीट न्यायचं आणि संध्याकाळी आणून ठेवायचं, हा माझा सहा वर्षांचा परिपाठ.

त्या दिवशी मी सतरा मेचं पाकीट घ्यायला हात घातला, तर ते पंधराला चिकटून होतं. सोळा गायब. आदल्या संध्याकाळी मीच आणून ठेवलेलं.

“बाबा, सोळा कुठंय?” मी ओरडले.

उत्तर आलं नाही. टेबलावर दोन टोस्ट आणि एक उकडलेलं अंडं झाकून ठेवलं होतं. झाकण कोणी उचललेलं नव्हतं. शेजारी इन्सुलिनची वापरलेली सुई होती.

भावजय न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर आली. “आठला इंजेक्शन दिलं, नाश्ता समोर ठेवला आणि मी आंघोळीला गेले. खोलीत नाहीत का?”

खोलीत नव्हते. गच्चीत नव्हते. जिन्यात नव्हते. इन्सुलिन टोचून घेतलेला म्हातारा, पोटात अन्नाचा कण नाही, बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि गेलं वर्षभर ज्याला स्वतःच्या घरातला संडास सापडायला दहा मिनिटं लागतात असा माणूस रस्त्यावर.

मी डॉक्टरांना फोन लावला. किती वाजता गेले, ते त्यांनी आधी विचारलं. “बारा वाजायच्या आत पोटात काहीतरी गोड गेलं पाहिजे,” डॉक्टर म्हणाले. “त्यानंतर ते चक्कर येऊन पडतील, आणि पडले तर उठवायला कोणीतरी जवळ हवं.”

मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला फोन केला. त्यानेही किती वाजता गेले ते विचारलं आणि सकाळी दुकान उघडणाऱ्या पोराला विचारून कळवतो म्हणाला. मग जुळारीकाकांना. काका म्हणजे बाबांचे छापखान्यातले जोडीदार. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक जुळवून पानं लावायचे त्या काळातले. दोघांची पन्नास वर्षांची मैत्री, म्हणून म्हटलं त्यांच्याकडे गेले असतील.

“काका, बाबा घरातून गेलेत कुठेतरी. तुमच्याकडे आलेत का?”

“नाही,” काका म्हणाले. मग जरा थांबून, “आज सोळा का गं?”

“हो.”

“बघतो. कळलं तर सांगतो,” आणि फोन ठेवला.

राहिला माझा धाकटा भाऊ. त्याचा फोन बंद. एरवी आंघोळीलाही फोन घेऊन जाणारा माणूस. मी भावजयीकडे बघितलं. ती टॉवेलचं टोक पिळत उभी होती, पिळायला त्यात पाणी नसताना.

“ताई,” ती म्हणाली, “हे कुठे गेलेत ते मला माहीत आहे. पण तुम्हाला सांगू नको म्हणालेत.”

२

धाकटा वृद्धाश्रमात होता. बाबांचं नाव नोंदवायला.

भावजयीने तिथल्या ऑफिसात फोन करून त्याला बोलावलं. त्याने किती वाजता गेले ते विचारलं आणि वीस मिनिटांत स्कूटरवरून आला. टक्कल घामाने चमकत होतं आणि हातात अर्धवट भरलेला अर्ज होता. एकटाच होता.

“बाबांना तू नेलंस ना? खरं सांग,” मी दारातच त्याला धरलं.

“नेलं असतं तर अर्ज अर्धा टाकून धावत आलो असतो का?”

“माझ्यापासून लपवून करायची ही गोष्ट आहे?”

“ताई, तू रोज येतेस दहा मिनिटं. उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं आमची आहेत. काल जेवताना त्यांनी मला विचारलं, पाहुणे, तुमचं गाव कोणतं? मी कुठलं गाव सांगू?”

राग होता तो होताच, पण त्याच्या म्हणण्यात खोट काढता येईना, आणि घड्याळात पावणेदहा झाले होते. धाकट्याने चौकीत बाबांचा फोटो दिला, पोलिसांनी तो ठेवून घेतला आणि वाट बघा म्हणाले. वाट बघायला आमच्याकडे सव्वादोन तास होते.

मी भावजयीला बसवलं. “काय काय घेऊन गेलेत, ते आठवून सांग.”

तिने घर चाळलं. पांढरा इस्त्रीचा सदरा नव्हता. दाढीचा ब्रश ओला होता, म्हणजे दाढी करून गेले. आईची जुनी लोकरी शाल नव्हती. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, शाल बाबांच्या उशाला असायची. थर्मास नव्हता. गॅसवर दुधाचं पातेलं कोमट होतं आणि साखरेचा डबा उघडा.

“मी न्हाणीघरात असताना दाराबाहेरून विचारलंन,” भावजय म्हणाली, “एवढं दूध दोघांना पुरेल ना? मला वाटलं, तुमच्यासाठी चहा ठेवायचाय.”

औषधवाल्याच्या दुकानातल्या पोराचा फोन आला. दुकान उघडत असताना बाबा आले होते आणि कापसाचं मोठं बंडल घेऊन गेले. “स्वच्छ आहे ना, अगदी स्वच्छ हवा, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं काय लागलंय का? तर म्हणाले, मला नाही.”

मेमधल्या उन्हात लोकरी शाल, दूध आणि कापूस. धाकट्याने कपाळावर हात मारला. “वेड लागलंय. यात काय अर्थ काढणार तू?”

पण मला दुसरंच काही सुचत होतं. डॉक्टर तपासताना बाबांना तारीख विचारायचे. बाबांनी तारीख एकदाही चुकवली नाही. वारसुद्धा बिनचूक. वर्ष विचारलं की मात्र चाचपडायचे, आणि सांगायचे ते कधी तीस वर्षांपूर्वीचं, कधी पन्नास. डॉक्टर हे आजारात धरायचे. मी आता ते पाकिटांत धरलं. बाबांच्या पाकिटावर तारीख असते, वर्ष नसतं. आत शंभर वर्षांचे सोळा मे एकावर एक पडलेले असतात. चाळीसहून अधिक वर्षं त्या ढिगात हात घालणारा माणूस आता स्वतःच त्यात घसरला होता. ते सोळा मेलाच घराबाहेर पडले होते. फक्त कुठल्या वर्षीच्या, एवढंच शोधायचं होतं.

“पाकिटात काय काय होतं?” धाकट्याने विचारलं. पहिल्यांदाच त्याने माझ्या धंद्याची चौकशी केली.

मला तोंडपाठ होतं. छापलेली कार्डं सहा. मनोऱ्यावरचं घड्याळ सुरू झालं, त्याला एकशे बारा वर्षं. एका गायिकेचा जन्म, ऐंशी वर्षं. वाचनालयाची आग, अठ्ठावन्न. नदीवरचा पूल खुला झाला, एक्कावन्न. छापखान्यातला संप, तेहतीस. एका पैलवानाचं निधन, वीस. शिवाय एक दुमडून टाचणी मारलेलं कार्ड. अशी दुमडलेली बऱ्याच पाकिटांत होती, खात्री न झालेल्या नोंदींची. ती उघडायची नाहीत हा बाबांचा दंडक, आणि मी तो पाळत आले.

घड्याळ आणि गायिका बाबांच्या जन्माआधीची, म्हणजे तिथे ते जाणार नाहीत. पैलवानाची बातमी त्यांनी खुर्चीत बसून लिहिली होती. संपाच्या दिवशी सगळे रिकाम्या हातांनी छापखान्याच्या फाटकावर उभे होते. फाटकावर फोन केला, तिथे कोणी आलं नव्हतं. उरली आग आणि पूल.

“आग!” धाकटा ओरडला. “एकोणीस वर्षांचे होते ना? पुस्तकं काढायला आत घुसले होते म्हणून सांगायचे. भाजलेल्यांना कापूस, ज्वाळांवर टाकायला शाल, प्यायला दूध!”

बसत होतं. सगळं चपखल बसत होतं. आम्ही स्कूटरवर बसलो आणि वाचनालय गाठलं. तिथल्या बाईंनी तिन्ही मजले आमच्याबरोबर पालथे घातले. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी चार म्हातारे बसले होते. त्यांतला एकही आमचा नव्हता.

साडेदहा वाजून गेले होते.

३

वाचनालयाच्या पायरीवर मी फतकल मारून बसले आणि रडले. लोक बघत होते, बघू देत. आपण हुशारी करत बसलो आणि तिकडे बाबा कुठल्यातरी गटाराशी पडले असतील, हेच डोळ्यांपुढे येत होतं.

तेवढ्यात भावजयीचा फोन आला. बिचारी घरात स्वस्थ बसली नव्हती. टॅक्सीच्या थांब्यावर एकेकाला गाठून विचारत होती.

“ताई, एक टॅक्सीवाला भेटलाय. बाबा त्याच्याकडे आले होते. लाँच सुटली का म्हणून विचारलंन. साडेअकराची लाँच गाठायचीय म्हणाले. हा म्हणाला, आजोबा, नदीवर लाँच कुठली, बसा, पुलावरून नेतो. तर बाबा चिडले. म्हणाले, पूल अजून खुला कुठे झालाय? आणि चालायला लागले.”

“कुठल्या दिशेला?”

“मंडईच्या गर्दीत शिरले. पुढचं त्याला दिसलं नाही.”

लाँच बंद होऊन एक्कावन्न वर्षं झाली होती. पूल झाला आणि लाँचची गरज संपली. म्हणजे वर्ष सापडलं. पूल खुला झाला तोच सोळा मे, पण अजून सकाळ.

“चल पुलावर,” धाकट्याने स्कूटरला किक मारली.

मी बसले नाही. आमच्या कामात एक गोष्ट हाडांत मुरलेली असते: वाक्य बरोबर वाटतं तेव्हाच ते पुन्हा वाचायचं. पुलाचा समारंभ चारला झाला होता, ते आमच्या कार्डावरच आहे. बाबा सव्वीस वर्षांचे, नवे उपसंपादक, ती बातमी त्यांनीच दिली होती. बातमी द्यायला जाणारा माणूस वही-पेन्सिल नेतो. कापूस, शाल आणि दोघांना पुरेल एवढं दूध नेत नाही. शिवाय समारंभ अलीकडच्या तीरावर होता. त्यासाठी लाँच कशाला हवी?

वर्ष तेच होतं, पण नोंद दुसरी होती. एकाच दिवशी एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या होत्या आणि त्यांतली एकच छापली जात होती.

“तू पुलावर जा,” मी धाकट्याला म्हटलं. “न जाणो, तिकडे असतील. मी जुळारीकाकांकडे जाते.”

“काकांना काही माहीत नाही म्हणालीस ना?”

“मीच मूर्ख. मी बाबा गेले म्हटल्यावर डॉक्टरांनी विचारलं किती वाजता. औषधवाल्याने विचारलं किती वाजता. तूसुद्धा तेच विचारलंस. काकांनी एकट्यांनी वेळ विचारली नाही. आज सोळा का, एवढंच विचारलं.”

काकांचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. धावत गेले. सत्तेचाळिसाव्या वर्षी धावण्याची आपली पात्रता काय आहे ते जिन्यात कळलं. दार काकांनी माझी वाटच बघत असल्यासारखं उघडलं. बाहेर जायचे कपडे घातले होते, हातात काठी होती, आणि डोळे लाल.

“त्या नदीवर तेव्हा तीन धक्के होते, काका,” मी धापा टाकत म्हटलं. “एकमेकांपासून मैल मैल लांब. बाबा कुठल्या धक्क्यावरून कुठे जाणार होते, ते तुम्हाला माहीत आहे.”

“मी शब्द दिलाय, पोरी. तारीखरावांना दिलाय आणि तुझ्या आईलाही.”

“अकरा वाजलेत. बाराला बाबांची शुद्ध जाईल. शब्द कोणापाशी पाळणार आहात मग?”

काका मटकन खाली बसले.

४

“टाचणी मारलेलं एक कार्ड आहे बघ त्या पाकिटात,” ते म्हणाले.

“खात्री न झालेलं.”

“खात्री झालेलं. त्याच्याएवढी खात्री कुठल्याच कार्डाची नाही.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. माझ्या जन्माच्या चार वर्षं आधी आई पहिलटकरीण होती. नदीपलीकडच्या प्रसूतिगृहात तिला पंधरा मेला ठेवलं. सोळाच्या सकाळी कळा सुरू झाल्याचा निरोप छापखान्यात आला. येताना कापूस आणा, शाल आणा, थोडं दूध आणा. बाबांना साडेअकराची लाँच मिळाली असती. पण त्या दिवशी पुलाच्या समारंभासाठी दुपारनंतर लाँच बंद ठेवणार होते आणि संपादक म्हणाले, बातमी देऊन जा, पहिल्या खेपेला बारा-बारा तास लागतात. बाबांनाही ते पटलं. नवी नोकरी, पहिल्या पानावरची पहिली बातमी. ते राहिले.

“मुलगा झाला दुपारी एकला,” काका म्हणाले. “श्वास नीट लागेना. चार तास होता. तारीखराव चारच्या समारंभानंतर बातमी माझ्या हातात टाकून धावले. पूल खुला झाल्यावर पलीकडे गेलेल्या पहिल्या गर्दीत तेही होते. पण पोचले साडेसहाला. तोवर सगळं झालं होतं. तुझ्या आईने एवढंच विचारलं म्हणे, दूध आणलंत का?”

मला एकदम आठवलं. आई सोळा मेचा पेपर कधी वाचत नसे. डोळे दुखतात म्हणायची. मी पंचवीस वर्षं मुद्रितं तपासली आणि घरातली एवढी ढळढळीत गाळलेली जागा मला दिसली नव्हती.

“पुढच्या सोळा मेला तारीखरावांनी दोन कार्डं आणली,” काका सांगत होते. “एक पुलाचं. दुसरं ते. जन्म आणि मृत्यू एकाच ओळीत. मी म्हटलं, अहो, हे सदर मोठ्यांचं. ते म्हणाले, लाव. मी खिळे जुळवले. छपाईला जायच्या आधी परत आले, ती ओळ स्वतः उचकटली आणि एकेक खिळा परत त्याच्या त्याच्या खणात टाकत बसले. त्यांना ते काम येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या खणांत सगळी अक्षरं चुकीच्या जागी. मी कोणाला बोललो नाही.”

“धक्का कुठला, काका?”

“मधला. जुन्या जकात नाक्यामागचा. समोरच प्रसूतिगृह होतं. आता तिथे टायरांचं गोदाम आहे.” ते काठी टेकत उठले. “मी तिकडेच निघालो होतो गं. तू फोन केल्यापासून घालतोय कपडे, माझ्याने बटणं लागेनात.”

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि टॅक्सी पकडली. वाटेत धाकट्याला फोन केला. पुलावर कोणी नव्हतं. मी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

“आपल्याला भाऊ होता?” तो म्हणाला.

“चार तास. तू पुलावरच आहेस ना? तसाच पलीकडे जा. टायरांचं गोदाम विचार. मी अलीकडून बघते.”

जकात नाक्यामागचा रस्ता बंद होता, तारेचं कुंपण होतं, पण कुंपणाला माणूस जाईल एवढं भोक होतं. त्यातून गेले, तेव्हा कपडे फाटल्याचा आवाज आला. पुढे दगडी पायऱ्या सरळ पाण्यात उतरत होत्या. बारा वाजायला दहा मिनिटं होती. वर ऊन, खाली हिरवं पाणी, आणि कोणी नाही.

“बाबा!”

मी पायऱ्या उतरले. सगळ्यात खालच्या पायरीवर, पाण्यापासून हातभर वर, बाबांच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट लावून ठेवलेल्या.

५

मी पाण्यात उतरले. मला पोहता येत नाही. गुडघ्यापर्यंत गेले, मांडीपर्यंत गेले. काय करणार होते ते मला आजही सांगता येणार नाही.

“ओ बाई! मागे व्हा, तिथे खोल आहे!”

जाळं टाकणारा एक माणूस होडी वल्हवत अलीकडे येत होता. होडीत तो एकटाच होता.

“म्हातारबुवांना शोधताय का? पांढरा सदरा?” त्याने होडी पायरीला लावली. “त्यांना पलीकडे सोडून आलो. चपला काढूनच होडीत चढले, म्हणाले, तुमची होडी खराब नको व्हायला. विसरले वाटतं.”

त्याने मला दंडाला धरून होडीत ओढलं.

“पहिल्यांदा मी हसलो,” तो वल्ही मारत म्हणाला. “त्या वयाचा माणूस, म्हणतो बायको बाळंत होतेय, लवकर न्या. पण रडायलाच लागले हो. म्हणाले, मागच्या वेळी मला उशीर झाला. मग काय करू? नेलं.”

“बरे होते का?”

“हात थरथरत होते. घाम तर असा! मी म्हटलं, थर्मास आहे ना, घोटभर घ्या. हातच लावू देईनात.”

अर्थातच. ते दूध त्यांचं नव्हतं.

टायरांच्या गोदामाच्या अंगणात हमालांनी त्यांना सावलीत एका टायरवर बसवलं होतं. चेहरा राखेसारखा पांढरा, सदरा अंगाला चिकटलेला. मांडीवर घडी घातलेली शाल, शालीवर कापसाचं बंडल, आणि थर्मास दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. खिशातून खाकी पाकीट डोकावत होतं. टाचणी काढलेलं कार्ड एका गुडघ्यावर उघडं पडलं होतं. न वाचताही मला ते पाठ येत होतं.

एका हमालाने फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. मी बाबांसमोर गुडघ्यांवर बसले. त्यांचे डोळे माझ्यावर आले आणि थांबले, पण मला ओळखून थांबले नाहीत.

“सिस्टर,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती. “मी वेळेवर आलो ना?”

“हो. अगदी वेळेवर.”

“हे दूध तिला द्या.”

मी थर्मास घेतला. झाकणात दूध ओतलं. समोर दूध होतं, साखर होती, आणि ते पिणार नव्हते. मी झाकण घेऊन गोदामाच्या दारापर्यंत गेले, आत वळले, दहा आकडे मोजले आणि परत आले.

“तिने अर्धं घेतलं,” मी म्हटलं. “उरलेलं तुम्ही घ्या म्हणाली. तुम्ही सकाळपासून उपाशी असाल हे तिला माहीत आहे. तुम्ही प्यायल्याशिवाय ती पुढचा घोट घेणार नाही.”

बाबांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. मग दोन्ही हातांनी झाकण धरून प्यायले. मी दुसरं ओतलं. तेही प्यायले. तिसरं. ओठांवर साय लागली होती, ती मी पुसली.

“मग?” ते म्हणाले. आवाज जरासा वर आला होता. “काय झालं?”

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या. कार्ड त्यांच्या गुडघ्यावरच होतं, त्यांच्याच अक्षरात, दोन्ही वेळा लिहिलेल्या.

“मुलगा,” मी म्हटलं.

“आणि बरा आहे?”

“बरा आहे.”

“दाखवा.”

खोटं सुरू करताना पुढचा प्रश्न काय येईल याचा मी विचारच केला नव्हता. बाबा उठायला लागले. गोदामाच्या दाराकडे बघत, एका हाताने मला बाजूला सारत. आत टायर होते.

त्याच वेळी फाटकातून धाकटा आला. स्कूटर तिथेच टाकून, धडपडत, टक्कल उन्हात लाल झालेलं, शर्टाची दोन बटणं उघडी. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे, मग बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. सकाळी अर्धा अर्ज भरून आलेला माझा भाऊ, चव्वेचाळीस वर्षांचा, नव्वद किलोचा. मी काहीही सांगायच्या आत तो बाबांपुढे मातीत बसला आणि त्याने डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“हा बघा,” मी म्हटलं.

बाबा कितीतरी वेळ बघत राहिले. मग थरथरता तळवा त्याच्या टकलावरून फिरवला.

“केस अजिबात नाहीत,” ते म्हणाले.

“येतील,” मी म्हटलं.

“मोठा आहे अंगाने.”

“हो.”

धाकट्याचे खांदे हलत होते. बाबांनी त्याच्या पाठीवर थोपटायला सुरुवात केली, लहान मुलाला थोपटतात तसं, हळूहळू. “रडू दे, रडू दे,” ते मला म्हणाले. “रडतोय म्हणजे श्वास चांगला आहे.”

लांबून ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू येत होता. बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता आणि कपाळावरचा घाम वाळत होता. मी तिथे उभी होते, मांडीपर्यंत ओली, फाटक्या कपड्यांत. मला वाटलं, आता मला विचारतील, तू अशी भिजलीस कशी. साखर चढली की वर्षं चढतील, आणि माझ्यापर्यंत येतील.

बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. अगदी मायेने बघितलं.

“सिस्टर, तुमची फार धावपळ झाली आज,” ते म्हणाले. “आता तुम्ही घरी जा. तुमचेही आईवडील वाट बघत असतील.”

“हो,” मी म्हटलं, “निघतेच,” आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिथेच उभी राहिले.